बोलिंग बॉलचं ग्रिट: बॉक्सवरचा तो ३००० आकडा काय सांगतो आणि तो टिकवायचा कसा

टेनपिन बोलिंगचा स्वतःचा पहिला बॉल घ्यायला निघालेला माणूस कोअर म्हणजे आतला गाभा कसा आहे, कव्हर म्हणजे बाहेरचं आवरण कुठलं आहे, १४ पाउंड घेऊ की १५, कुठला प्रो हा बॉल वापरतो असं सगळं विचारतो, आणि बॉक्सवर बारीक अक्षरात "३००० अॅब्रालॉन" किंवा "१५०० ग्रिट पॉलिश्ड" असं (ग्रिट म्हणजे बॉल घासायच्या पॅडच्या दाण्याचं माप) जे लिहिलेलं असतं तिकडे ढुंकूनही बघत नाही. मला याची फार हळहळ वाटते, कारण बॉल लेनवर कसा वागणार यात त्या बारीक अक्षरांचा वाटा सगळ्यात मोठा आहे. अमेरिकेत या खेळाचे नियम बघणारी युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस, जिला सगळे यूएसबीसी म्हणतात, तिने २००० नंतरच्या दशकात बॉल मोशनवर मोठा अभ्यास केला, आणि त्यात कोअरच्या आकड्यांपेक्षा बॉलच्या पृष्ठभागाचा खरखरीतपणा पुढे निघाला. त्यानंतर २००९ मध्ये त्यांनी नव्या बॉलच्या खरखरीतपणावर मर्यादाच घातली.

एक आधीच सांगतो. मुंबई-पुण्यात मॉलमध्ये खेळायला गेल्यावर रॅकवरून उचलतो ते बॉल, किंवा इकडे अमेरिकेतल्या सेंटरमधले हाउस बॉल, हे बहुतेक पॉलिएस्टरचे म्हणजे बोलीभाषेत प्लास्टिकचे असतात, ते सरळ जायलाच बनवलेले, त्यांना हा लेख लागू नाही. हा लेख आहे रिअॅक्टिव्ह रेझिनच्या, लेनवर वळण्यासाठी बनवलेल्या बॉलसाठी, म्हणजे ऑफिसच्या किंवा मित्रांच्या नादाने लीगमध्ये शिरलात, प्रो शॉपमध्ये (बोलिंगच्या सामानाच्या दुकानात) बोटांच्या मापाने बॉल ड्रिल करून घेतला, पहिल्या आठवड्यात तो मस्त वळला आणि दोन-तीन महिन्यांत "बॉल मेला" असं वाटायला लागलं, त्या अवस्थेतल्या माणसांसाठी.

लेनवर नेमकं काय चाललेलं असतं

फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल टाकायच्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंत ६० फूट. रुंदीला ३९ पट्ट्या, ज्यांना बोर्ड म्हणतात, प्रत्येक साधारण एक इंचाची. या लेनवर रोज मशीनने ऑइल मारतात, सुरुवातीपासून साधारण ४० फुटांपर्यंत, आणि शेवटचे वीसेक फूट कोरडे ठेवतात, त्याला बॅकएंड म्हणतात. नेहमीच्या हाउस पॅटर्नमध्ये, म्हणजे सेंटरच्या रोजच्या ऑइलच्या मांडणीत, मधल्या भागात ऑइल भरपूर आणि दोन्ही कडांना कमी. एका लेनला एकूण ऑइल किती? २० ते ३० मिलिलिटर, म्हणजे चार ते सहा चहाचे चमचे. एवढंसं ऑइल तेवढ्या मोठ्या जागेवर पसरलं तर सरासरी थर किती जाड होईल याचा हिशोब करून बघा, जेमतेम २ मायक्रॉनच्या आसपास येतो. माणसाचा केस धरा ७० मायक्रॉन, त्याच्यापुढे हे काहीच नाही.

आता बॉलकडे या. बॉल डोळ्याला गुळगुळीत दिसला तरी भिंगाखाली त्याच्यावर टोकं आणि खाचा असतात, आणि पॅडने घासतो तेव्हा आपण त्याच टोकांची उंची आणि खाचांमधलं अंतर बदलत असतो. यूएसबीसीची जी मर्यादा सांगितली ती सरासरी खरखरीतपणाला ५० मायक्रोइंच, म्हणजे सव्वा मायक्रॉनच्या जरा वर. हा आकडा सरासरी असल्यामुळे प्रत्यक्षात काही टोकं त्याच्याहून बरीच उंच असतात. म्हणजे बघा, ऑइलचा थर आणि बॉलवरची टोकं ही साधारण एकाच मापाची आहेत, आणि सगळा खेळ इथेच आहे. टोकं उंच असली तर ती ऑइलच्या थरातून आरपार जाऊन खाली लेनला टेकतात आणि बॉलला पकड मिळते, टोकं घासून बसकी झालेली असली तर बॉल ऑइलवरून नुसता तरंगत जातो.

बॉलच्या प्रवासाचे तीन टप्पे पडतात. आधी स्किड, म्हणजे बॉल घसरत जातो, फिरत एका दिशेला असतो आणि जात दुसऱ्या दिशेला. मग हुक, पकड मिळते आणि तो वळायला लागतो. शेवटी रोल, म्हणजे ज्या दिशेला जातोय त्याच दिशेला फिरायला लागतो, आणि एकदा रोलमध्ये आला की मग तो आणखी वळत नाही. पिनांमध्ये बॉल साधारण ६ अंशांच्या कोनात शिरला तर स्ट्राइकची (पहिल्याच बॉलमध्ये दहाही पिना पाडायची) शक्यता सगळ्यात चांगली असं धरतात. लेनच्या अगदी कडेवरून सरळ टाकला तरी पॉकेटमध्ये, म्हणजे पहिली पिन आणि तिच्या शेजारची पिन यांच्या मधल्या फटीत, शिरायचा कोन दीड अंशाच्याच आसपास मिळतो, म्हणून तर हुक शिकायचा.

आता सगळ्यात जास्त घोटाळा जिथे होतो तो मुद्दा. बहुतेकांना वाटतं खरखरीत बॉल म्हणजे जास्त हुक आणि गुळगुळीत बॉल म्हणजे कमी हुक, बास. हे अर्धंच खरं आहे. खरखरीत बॉल लवकर वळायला लागतो, हे नक्की, पण त्यामुळे त्याच्या फिरकीतला जोर पण लवकर खर्च होतो, आणि लेनवर ऑइल कमी असेल तर पिनांपर्यंत जाईस्तोवर तो पूर्ण रोलमध्ये येऊन सरळ चालायला लागलेला असतो, मागच्या टोकाला ते झपकन वळणं दिसतच नाही, आणि मग खेळणारा म्हणतो बॉल हुक होत नाहीये, अजून खरखरीत करू! करतो, आणि बॉल आणखीच लवकर संपतो. उलट तोच बॉल थोडा बारीक ग्रिटवर नेला तर ऑइलमधून जोर शिल्लक ठेवून जातो आणि कोरड्या बॅकएंडवर जोरात वळतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की गुळगुळीत केल्यावर हुक वाढला. म्हणून हुक किती हा प्रश्न बाजूला ठेवा आणि हुक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे बघा. ग्रिट म्हणजे मुख्यतः हुकची जागा ठरवायचं साधन आहे. खूप ऑइल असेल तर अर्थात गोष्ट वेगळी, तिथे गुळगुळीत बॉलला पकडच मिळत नाही, तो पिनांपर्यंत स्किडच करत जातो, तिथे खरखरीतच लागतो.

आकड्यांची गंमत समजून घ्या

ग्रिटचा आकडा मोठा म्हणजे दाणा बारीक. ५०० खरखरीत, १००० आणि २००० मधले, ३००० आणि ४००० बारीक. बोलिंगमध्ये सगळ्यात ओळखीचे पॅड म्हणजे अॅब्रालॉन, फिनलंडच्या मिर्का कंपनीचे, १८०, ३६०, ५००, १०००, २०००, ३०००, ४००० अशा आकड्यांत येतात. पाठीला फोम असतो त्यामुळे बॉलच्या गोलाईवर नीट बसतात. दुसरे सियाएअर, स्वित्झर्लंडच्या सिया कंपनीचे. दोन्ही चांगले, पण एकाच आकड्याचे दोन कंपन्यांचे पॅड बॉलवर अगदी सारखं काम करतील असं धरून चालू नका, कुठलीही एकच जात धरा आणि तीच वापरत राहा.

हार्डवेअरच्या दुकानातला सँडपेपर आणून घासणारे पण आहेत. तिथे एक मोठी फसगत होते ती म्हणजे आकड्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. युरोपच्या पद्धतीत आकड्याच्या आधी "पी" असतो, त्यात पी ५०० चा दाणा ३० मायक्रॉनचा, पी १००० चा १८, पी २००० चा १० च्या आसपास. अमेरिकेच्या जुन्या पद्धतीत नुसतं ६०० लिहिलेला कागद १६ मायक्रॉनच्या आसपास येतो, म्हणजे तो पी ६०० पेक्षा कितीतरी बारीक, जवळजवळ पी १२०० च्या जोडीचा. तेव्हा मित्राने सांगितलं ६०० वर घास म्हणून घासलं, असं करू नका, कुठला ६०० ते आधी विचारा.

आणि आकडा सारखा असला तरी त्यातून निघणारा पृष्ठभाग सारखा असेलच असं नाही. नवा कोरा ५०० चा पॅड आणि दहा बॉल घासून झालेला ५०० चा पॅड यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. हात किती दाबला, पाणी किती होतं, मशीन किती वेगाने फिरत होतं, किती वेळ घासलं, सगळ्याचा परिणाम होतो. खरखरीतपणा मोजायची यंत्रं आहेत पण ती तुमच्या-माझ्या जवळच्या प्रो शॉपमध्ये सहसा नसतात, त्यामुळे आपल्या हातात एकच गोष्ट राहते, दर वेळी सगळं सारखं करायचं, तोच पॅड, तेवढाच वेळ, तेवढाच दाब. मग तुमचा "२०००" दुसऱ्याच्या २००० सारखा नसेना का, तो तुमच्या मागच्या वेळच्या २००० सारखा असला म्हणजे झालं.

पॉलिशबद्दल थोडं जास्त बोलायला हवं कारण इथे प्रो शॉपमध्ये उभी असलेली जाणती माणसंसुद्धा घोळ घालतात. "४००० ग्रिट" आणि "१५०० ग्रिट पॉलिश्ड" या एका रेषेवरच्या दोन पायऱ्या नाहीत. ४००० वर नेलेला बॉल म्हणजे सगळीकडे बारीक बारीक उथळ खाचा. १५०० वर घासून पॉलिश केलेला बॉल म्हणजे खाचा खोल, त्यांच्यातलं अंतर जास्त, फक्त वरची टोकं गोलसर केलेली आणि त्यावर पॉलिशचा निसरडा थर. पॉलिश्ड बॉल ऑइलमध्ये लांब जातो आणि कोरडं लागलं की एकदम प्रतिक्रिया देतो, ४००० चा बॉल त्या मानाने शांतपणे, गोल कमानीत वळतो. म्हणून पॉलिश करताना खाली काय आहे हे विसरू नका, खाली ५०० आहे की २००० आहे यावर तीच पॉलिशची बाटली वेगवेगळा बॉल बनवते. बाटल्यांतही कंपाउंड आणि पॉलिश असे दोन प्रकार येतात, कंपाउंडमध्ये बारीक घासणारे कण असतात आणि ते पृष्ठभाग कापत जातं, पॉलिशमध्ये शिवाय निसरडेपणा आणणारं काहीतरी घातलेलं असतं. लेबल वाचून घ्या.

कुठलं ग्रिट निवडायचं

सगळ्यांना एक आकडा हवा असतो आणि मी पण सरळ आकडा देतो: एकच बॉल असेल, हाउस पॅटर्नवर लीग खेळत असाल, वेग आणि फिरकी दोन्ही मध्यम असतील तर २००० किंवा ३००० च्या ताज्या पॅडने घासलेला, पॉलिश न केलेला पृष्ठभाग, इथून सुरुवात करा. या पृष्ठभागाचा मोठा फायदा म्हणजे तो चुका पोटात घालतो. पॉलिश्ड बॉल ऑइलमध्ये गेला तर घसरतो आणि कोरड्यात गेला तर उडी मारतो, दोन टोकांतला फरक फार मोठा पडतो, आणि अजून हात बसलेला नसेल तर तुम्हाला कळतच नाही की चूक हाताची होती की बॉलची. डल, म्हणजे न चमकणाऱ्या, बॉलमध्ये तो फरक कमी होतो. नव्याने शिकणाऱ्यांना दुकानात चकचकीत पर्ल (कव्हरमध्ये चमकदार कण मिसळलेला) बॉल आवडतो, दिसतोच तसा, पण शिकायला सॉलिड (असे कण नसलेल्या) कव्हरचा डल बॉल बरा असं माझं स्पष्ट मत आहे.

तिथून पुढे आपापल्या हाताप्रमाणे. जोरात टाकत असाल आणि फिरकी कमी असेल तर बॉलला वळायला वेळच मिळत नाही, त्याला मदत लागते, १००० कडे या. उलट हळू टाकत असाल किंवा फिरकी जबरदस्त असेल, आजकाल प्रो जेसन बेलमॉन्टेचं बघून दोन हातांनी टाकणारी पोरं असतात तशी, तर बॉल आधीच लवकर वळतो, त्याला ३००० ते ४००० किंवा पॉलिश लागेल. ऑइल जास्त आणि पॅटर्न लांब तर खरखरीत, ऑइल कमी आणि पॅटर्न आखूड तर बारीक, हा सरधोपट नियम, पण याला एक मोठा अपवाद आहे. कठीण स्पोर्ट पॅटर्नवर, जिथे मध्यात आणि कडेला ऑइल जवळजवळ सारखंच असतं, तिथे पॅटर्न आखूड असला तरी चांगले खेळाडू पुष्कळदा डल बॉलच काढतात, कारण तिथे झपकन वळणारा बॉल सांभाळता येत नाही, सरळसोट, अंदाज बांधता येईल असा बॉल हवा असतो. लेन लाकडी आहे की सिंथेटिक यानेही फरक पडतो, जुनं लाकूड जास्त पकडतं, नवं सिंथेटिक निसरडं.

आणि लेन दिवसभर एकसारखी राहत नाही. प्रत्येक बॉल आपल्याबरोबर थोडं ऑइल उचलून नेतो, रिअॅक्टिव्ह बॉल तर ते शोषून घेतात, त्यामुळे तिसऱ्या गेमपर्यंत सुरुवातीच्या भागातलं ऑइल उडालेलं असतं आणि पहिल्या गेममध्ये छान चाललेला उजव्या हाताच्या खेळाडूचा खरखरीत बॉल आता लवकर वळून डावीकडे जायला लागतो. म्हणूनच ज्यांच्याकडे दोन बॉल आहेत त्यांनी दोघांचं ग्रिट मुद्दाम वेगळं ठेवावं, एक १००० ते २००० वर, दुसरा पॉलिश्ड किंवा ४००० वर. दोन्ही बॉल सारख्याच ग्रिटवर ठेवून कोअर वेगळा आहे म्हणून खूश राहणारे खूप भेटतात, मला त्यात पैशाची नासाडी दिसते.

बॉल काय म्हणतोय ते ऐकायचं कसं? स्कोअरकडे बघू नका, बॉल पिनांमध्ये शिरताना काय करतो ते बघा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचं उदाहरण घेतो. बॉल पॉकेटमध्ये बरोबर गेला, पण १० नंबरची पिन उभी आणि शेजारची ६ नंबरची पिन तिच्या बाजूला गटरमध्ये मुकाट पडलेली, तर बॉलमध्ये जोर नव्हता. आता जोर का नव्हता याची दोन कारणं असू शकतात, लवकर संपला किंवा अजून वळून झालाच नव्हता, आणि दोन्हींचे उपाय उलटे आहेत! त्यामुळे मागे जाऊन बघावं लागतं. बॉल ३०-३५ फुटांवरच वळायला लागून शेवटी सरळ चालला होता तर बारीक ग्रिटकडे जा. शेवटपर्यंत घसरत जाऊन अगदी पिनांजवळ वळायला लागला होता तर खरखरीतकडे या. २-४-५-८ या चार पिनांची बादली सारखी सारखी राहत असेल तर बॉल हलका, म्हणजे पॉकेटच्या थोडा बाहेरून, लागतोय, तिथेही आधी हेच बघा. मोबाइलवर मागून व्हिडिओ काढून घ्या, स्लो मोशनमध्ये हे इतकं स्वच्छ दिसतं की वाद राहत नाही.

घासायचं कसं

आधी बॉल साफ करा. बॉलवर ऑइल असताना पॅड लावला तर ऑइल आणि धूळ पॅडच्या दाण्यांत जाऊन बसते, पॅड वाया आणि बॉलही धड घासला जात नाही. क्लीनरने पुसा, कोरडा करा, मग पॅड.

प्रो शॉपमध्ये स्पिनर असतो, वाटीसारख्या बैठकीवर बॉल ठेवून मोटरने फिरवतात आणि वरून पॅड धरतात. पॅड पाण्याने ओला पाहिजे, आणि घासताना मधे मधे पाणी मारत राहायचं. एका बाजूला वीस-तीस सेकंद, मग बॉल फिरवून दुसरी बाजू, अशा चार किंवा सहा बाजू. मी सहाच म्हणेन, चार बाजूंत काही पट्टे जास्त घासले जातात आणि काही कमी. हात हलका ठेवा, दाणे कापतात, तुम्ही दाबायची गरज नाही. बोटांच्या भोकांवरून पॅड जाताना अडकतो, हातातून उडू शकतो, तिथे जरा सावध.

स्पिनर नसेल तर हाताने पण छान होतं, लोक उगाच घाबरतात. बॉल टॉवेलच्या चुंबळीवर ठेवा, पॅड ओला करा आणि छोट्या छोट्या गोलाकार हालचालींनी पूर्ण बॉल घासा, कुठलीही जागा सुटणार नाही आणि कुठल्याही जागी जास्त वेळ घुटमळणार नाही असं बघा. स्पिनरने पडणारे ओरखडे एका दिशेला जातात, हाताचे सगळ्या दिशांना, त्यामुळे हाताने घासलेला बॉल किंचित वेगळा वागतो, म्हणून जी पद्धत धराल ती बदलू नका.

खरखरीतकडून बारीककडे जाताना पायऱ्या गाळायच्या की नाही? ५०० वर असलेल्या बॉलवर थेट ३००० चा पॅड फिरवला तर वरची टोकं बारीक होतात पण ५०० च्या खोल खाचा तशाच राहतात. तुम्हाला खरा ३००० हवा असेल तर ५००, १०००, २०००, ३००० असं एकेक पायरी जा. पण काही वेळा मुद्दाम पायरी गाळतात, ५०० करून वर २००० चा हलका हात फिरवतात, म्हणजे खाली पकड राहते आणि वरून थोडा लांब जातो. ही चूक नाही, फक्त काय करताय ते माहीत असू द्या आणि लिहून ठेवा.

आकडा टिकत नाही, हेच मुख्य

आता जो मुद्दा मला सगळ्यात कळकळीने सांगायचाय तो. बॉक्सवरचा ३००० हा बॉल फॅक्टरीतून निघतानाचा आकडा आहे. लेनवर घासत घासत प्रत्येक शॉटला बॉलवरची टोकं थोडी थोडी झिजतात, आणि जितका खरखरीत बॉल तितकी झीज लवकर, ५०० चा बॉल ५०० म्हणून फार थोडे गेम जगतो. आपल्या घरी पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की टाकी लावणाऱ्याला बोलवायचे, पाटा बदलायचे नाहीत, अगदी तसंच आहे हे. बॉलला पॅड लावायचा सोडून लोक दीडशे-दोनशे डॉलरचा नवा बॉल घेतात, तो ताज्या पृष्ठभागामुळे छान वळतो, मग दोन महिन्यांनी तोही "मरतो", परत नवा. त्या जुन्या बॉलला काही डॉलरचा पॅड आणि दहा मिनिटं हवी होती.

झीज सगळीकडे सारखी होत नाही हे पण लक्षात घ्या. बॉल ज्या पट्ट्यावर लोळतो तो ट्रॅकचा भाग आधी चमकायला लागतो. बॉल खिडकीच्या किंवा दिव्याच्या उजेडात तिरका धरा, बाकीचा बॉल मंद दिसेल आणि ट्रॅकवर आरशासारखी झाक दिसेल. ती दिसली की वेळ झाली. २००० च्या आसपासचा बॉल असेल तर दोन-तीन लीग नाइटनंतर हलका हात फिरवणं पुष्कळ झालं, ५०० ते १००० वर ठेवत असाल तर प्रत्येक वेळी खेळायच्या आधी. घाबरू नका, याने बॉल संपत नाही. नियमाप्रमाणे बॉलचा व्यास ८.५ इंचाच्या खाली जाता कामा नये, पण हलक्या हाताने घासण्यात जे निघतं ते इतकं थोडं असतं की बॉलचं आयुष्य दुसऱ्याच कारणांनी आधी संपतं.

त्यातलं मुख्य कारण ऑइल. रिअॅक्टिव्ह रेझिन हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं आणि खेळ बदलला, त्याची ताकद अशी की त्याला बारीक छिद्रं असतात आणि ते लेनवरचं ऑइल शोषून घेतं. पण शोषलेलं ऑइल आत साठत जातं आणि एका मर्यादेनंतर कितीही घासा, पकड येत नाही. म्हणून प्रत्येक शॉटनंतर मायक्रोफायबरच्या टॉवेलने बॉलवरचे ऑइलचे कडे पुसा, आणि खेळ संपल्यावर बॅगेत टाकायच्या आधी, बॉल अजून कोमट असताना, क्लीनर मारून नीट पुसा. घरी जाऊन करू म्हटलं की तोपर्यंत ऑइल आत गेलेलं असतं. या एका सवयीने जेवढं होतं तेवढं नंतरच्या कुठल्याही महागड्या उपचाराने होत नाही.

पन्नास-साठ गेमनंतर आतलं ऑइल काढावं लागतं. प्रो शॉपमध्ये त्यासाठी मशीन असतं. घरी करणारे बादलीत हाताला सोसेल इतपत गरम पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब घालून बॉल वीसेक मिनिटं बुडवून ठेवतात, भोकांवर वॉटरप्रूफ टेप लावून. १२ पाउंडाच्या आतला बॉल पाण्यावर तरंगतो, तो फिरवत राहावा लागतो, १४-१५ पाउंडाचा सरळ तळाला जातो, बादलीत खाली टॉवेल घाला. पण आधी तुमच्या बॉलची वॉरंटी वाचा, काही कंपन्यांना हा प्रकार चालत नाही. ओव्हन, डिशवॉशर, हेअर ड्रायर यांच्या नादाला तर अजिबात लागू नका, आतला कोअर आणि बाहेरचं कव्हर वेगवेगळ्या गतीने फुगतात आणि बॉलला तडा जातो. त्याच कारणाने बॉल गाडीच्या डिकीत ठेवू नका, इकडच्या थंडीत रात्रभर गारठलेला बॉल एकदम गरम हॉलमध्ये आणणं म्हणजे तड्याला आमंत्रण. आणि ऑइल काढून झाल्यावर पृष्ठभाग परत नव्याने करा, १८० किंवा ३६० पासून एकेक पायरी वर, कारण त्याशिवाय लेनवरचे खोल ओरखडे जात नाहीत.

नियमांचं थोडक्यात. यूएसबीसीच्या मान्यतेची स्पर्धा चालू असताना पॅडने बॉल घासता येत नाही, घासला तर तो बॉल बाद. स्पर्धा चालू असताना पुसायला पण स्वच्छ कोरडा टॉवेल वापरा, लिक्विड क्लीनर नाही. तेव्हा घासणं आणि क्लीनर हे सगळं गेम सुरू व्हायच्या आत, आणि सराव चालू असताना चालेल का ते त्या स्पर्धेच्या लोकांना विचारून. अॅसिटोनसारखी रसायनं कधीच लावू नका, ती कव्हर मऊ करतात. हे नियम उगाच आलेले नाहीत. १९७० च्या दशकात डॉन मॅक्यून या प्रोने प्लास्टिकचे बॉल रसायनात भिजवून मऊ केले, मऊ बॉल लेनला जास्त चिकटतो, आणि १९७३ मध्ये तो प्लेअर ऑफ द इयर झाला, त्यानंतरच बॉलच्या कडकपणावर मर्यादा आली.

स्पेअरसाठी, म्हणजे पहिल्या बॉलनंतर उरलेल्या पिना पाडायला, वेगळा प्लास्टिकचा बॉल ठेवला असेल तर तो कायम चकचकीत पॉलिश केलेला ठेवा, त्याला सरळच जायचंय, त्यावर ग्रिटचे प्रयोग नकोत. युरेथेनचा (रेझिनच्या आधी आलेला प्रकार) बॉल असेल तर ऑइल शोषण्याचा त्रास कमी, पण झीज त्यालाही चुकत नाही, ट्रॅक चमकला की त्यालाही पॅड लावायचा.

सुरुवातीला घ्यायचंच असेल तर तीन पॅड घ्या, ५००, १००० आणि २०००, एक क्लीनरची बाटली आणि दोन मायक्रोफायबर टॉवेल, बास. पॅड वापरून झाले की वाहत्या पाण्यात धुवून वाळवून ठेवा. मागचा छापलेला आकडा पाण्याने पुसट होतो, म्हणून नवीन असतानाच पर्मनंट मार्करने आकडा आणि पहिल्यांदा वापरल्याची तारीख लिहा. शेजारी एक वही ठेवा, त्यात कुठल्या तारखेला कुठल्या बॉलला कुठला पॅड, हाताने की स्पिनरवर, आणि त्यानंतर किती गेम झाले एवढंच टिपत जा.